दर तासाला आपोआप उघडणारी जाहिरात : सगळं स्कॅन केलं, तरी मूळ सापडत नाही

निळीशाई

नमस्कार. आठवडा झाला, घरच्या कॉम्प्युटरशी झटते आहे. आता हात टेकले, म्हणून विचारते.

कॉम्प्युटर विंडोज ११ चा आहे. तो मुख्यतः बाबाच वापरतात, वय ७४. आजोबांच्या जुन्या वह्या टाइप करून ठेवायचं काम त्यांनी मनावर घेतलंय. रोज दोन पानं, नेमाने. गेले काही दिवस ते काम ठप्प आहे.

काय होतं ते सांगते. काम चालू असताना उजव्या कोपऱ्यात खालून एक चौकट वर सरकते. लाल फुली आणि मजकूर, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले". कधी "तुमचं संरक्षण संपलं, आत्ताच नूतनीकरण करा". दुसरं म्हणजे, ब्राउझर बंद असला तरी मधूनच आपोआप उघडतो आणि सट्ट्याच्या कुठल्यातरी साइटचं पान समोर येतं. त्याच्या जरा आधी एक काळी चौकट लुकलुकून जाते, वाचायला वेळच मिळत नाही. आणि तिसरं, क्रोममध्ये काहीही शोधलं की कधी न ऐकलेल्या सर्च इंजिनवर जातं.

अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅन केला, तीन तास चालला. निकाल : काही सापडलं नाही. क्रोम काढून पुन्हा टाकलं, दहा मिनिटांत सगळं जसंच्या तसं. कुकीज पुसल्या, उपयोग नाही. एक अनोळखी एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) दिसतंय, पण त्याला काढून टाकायचं बटणच नाही. आणि क्रोमच्या मेनूत सगळ्यात खाली इंग्रजीत लिहिलंय की हा ब्राउझर तुमची संस्था सांभाळते. घरात कसली आलीय संस्था?

बाबा आता कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी मला हाक मारतात. काल विचारत होते, "माझ्याकडून काही बिघडलं का गं?" ते ऐकून फार वाईट वाटलं. कुणी नीट वाट दाखवेल का?

रानवाट

इतकं सगळं करूनही जात नसेल तर वेळ घालवू नका. वह्यांच्या फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि विंडोज नव्याने टाका. दोन तासांत विषय संपतो.

मूळशोध

रानवाट, तो शेवटचा उपाय म्हणून ठीक आहे, आत्ताच नको. दोन कारणं. विंडोज नवं टाकून त्याच खात्याने क्रोममध्ये साइन-इन केलं की सिंक (खात्यातलं सगळं आपोआप जुळवून घेणं) चालू असल्यास स्वतः टाकलेली एक्स्टेन्शन्स आपसूक परत येतात. त्यांतलंच एखादं दूषित असेल तर तेही येतं. आणि घाण आली कुठल्या दाराने ते कळलं नाही, तर महिनाभराने पुन्हा तेच. मी गेली बरीच वर्षं नातेवाइकांची आणि ओळखीच्यांची मशीन अशी साफ करत आलोय. नुसती सफाई केली आणि मूळ शोधलं नाही, तिथे मला हमखास दुसऱ्यांदा जावं लागलंय.

निळीशाई, तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मला वाटतं की हा एक आजार नाही, तीन आहेत. म्हणूनच एक उपाय केला की बाकीचे दोन तसेच राहतात आणि काहीच झालं नाही असं वाटतं.

पहिला, कोपऱ्यातली चौकट. हा बहुतेक व्हायरस नाहीच. ब्राउझरमधून वेबसाइटना सूचना पाठवायची सोय क्रोममध्ये २०१५ पासून आहे. एखादी साइट सांगते, "तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला 'अलाउ' दाबा", आपण दाबतो आणि ती परवानगी कायमची नोंदली जाते. मग ती साइट बंद असली तरी विंडोजच्या कोपऱ्यात जाहिराती टाकत राहते. परवानगी तुमच्याच नावाने दिलेली असते, त्यामुळे अँटिव्हायरसला त्यात काही वावगं दिसत नाही. पुढच्या वेळी चौकट आली की मजकूर वाचू नका. बारीक फिकट अक्षरांत ब्राउझरचं नाव आणि साइटचा पत्ता असतो, तो टिपून घ्या. चौकटीवर क्लिक अजिबात करायचं नाही. मग क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'साइट सेटिंग्ज', त्यात 'नोटिफिकेशन्स'. परवानगी दिलेल्या साइटची यादी तिथे खाली सापडेल. ओळखीची नसेल ती प्रत्येक काढा. बाबांना कुठल्याच साइटच्या सूचना लागत नसतील तर वरच 'साइटनी विचारूच नये' असा पर्याय आहे, तो निवडा. त्यांच्यासाठी हा एकच बदल फार मोलाचा ठरेल.

दुसरा, आपोआप उघडणारा ब्राउझर. तुम्ही त्या काळ्या चौकटीबद्दल लिहिलंत हे फार बरं केलंत, एरवी लोक ती गोष्ट सोडून देतात. ती कमांड प्रॉम्प्टची खिडकी आहे. म्हणजे ब्राउझरच्या बाहेरून कुणीतरी "हा पत्ता उघड" असा हुकूम सोडतंय. म्हणूनच क्रोम काढून टाकल्याने काही झालं नाही. हुकूम सोडणारा कोण हे शोधायला मला एक गोष्ट हवी. उद्या दिवसभर ते पान कधी कधी उघडतं त्या वेळा मिनिटांसकट कागदावर लिहा. बाबांना सांगितलंत तर तेच लिहितील, आणि त्यांनाही आपण काहीतरी करतोय असं वाटेल.

तिसरा, न निघणारं एक्स्टेन्शन आणि ती 'संस्था'. त्याकडे नंतर वळू. आधी दुसऱ्याचा छडा लागायला हवा, कारण तो चालू असेल तर तिसऱ्याला पुन्हा आणून बसवू शकतो.

आणि बाबांना माझ्याकडून सांगा, त्यांच्या हातून काही बिघडलेलं नाही. ज्यांनी हे बनवलंय त्यांचा सगळा डाव माणसाच्या घाबरण्यावर रचलेला असतो. लाल फुली त्यासाठीच असते. त्यात कधी फोन नंबर दिसला तर तर नक्कीच खोटं, कारण मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.

निळीशाई

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. नोटिफिकेशनच्या यादीत अकरा साइट निघाल्या! त्यातली एकच ओळखीची होती, वर्तमानपत्राची. बाकी सगळ्या काढल्या, विचारणंही बंद केलं. कालपासून कोपऱ्यात एकही चौकट नाही.

आता वेळा. बाबांनी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून लिहिल्यात, तशाच देते : १०:०७, ११:०७, १२:०७. मग जेवायला कॉम्प्युटर बंद केला होता. पुन्हा ३:०७, ४:०७, ५:०७. बाबांच्या हे पहिल्यांदा लक्षात आलं. मला म्हणाले, "अगं, हा पाहुणा घड्याळ लावून येतोय."

मूळशोध

बाबांनी निम्मं काम केलं. कॉम्प्युटर मधे बंद करूनही सातचा आकडा हलला नाही. म्हणजे तासाचा हिशोब कॉम्प्युटर सुरू केल्यापासून होत नाही, घड्याळावरून होतो. हे काम विंडोजच्या टास्क शेड्युलरचं. ठरलेल्या वेळी ठरलेलं काम करणारी ती विंडोजची स्वतःचीच सोय आहे, आणि अ‍ॅडवेअरवाले (जाहिराती लादणारे प्रोग्राम बनवणारे) तिचा सर्रास गैरवापर करतात.

स्टार्टमध्ये 'टास्क शेड्युलर' शोधा, उघडा. डावीकडे 'टास्क शेड्युलर लायब्ररी' वर क्लिक करा. मधे यादी येईल. तिच्यात 'नेक्स्ट रन टाइम' नावाचा रकाना आहे, त्याच्या मथळ्यावर क्लिक केलं की वेळेप्रमाणे क्रम लागतो. ज्याच्या पुढच्या वेळेत मिनिटं ०७ आहेत तो शोधा. नावावर जाऊ नका, नाव कायम 'अपडेट', 'हेल्पर', 'सर्व्हिस' असं साळसूद असतं. त्याला निवडून खाली दोन टॅब बघा. 'अ‍ॅक्शन्स' मध्ये तो काय चालवतो ते दिसेल. 'ट्रिगर्स' मध्ये कधीपासून आणि दर किती वेळाने, ते. या दोन्ही ओळी शब्दशः उतरवून घ्या.

मग त्यावर उजवं क्लिक करून 'डिसेबल'. डिलीट नाही, आधी डिसेबल. पुढचा सातचा ठोका जाऊ द्या. पान उघडलं नाही तर चोर तोच. उघडलंच तर निदान आपण चुकीचं काही उडवलेलं नसेल.

दीपमाळ

मधेच एक पुरवणी. असं पॉप-अप एकाच कॉम्प्युटरवर येतंय की घरातल्या फोनवरही, हेही एकदा बघून घ्या. सगळ्या उपकरणांवर येत असेल तर दोष राउटरच्या डीएनएस सेटिंगमध्ये (साइटचं नाव टाकलं की कुठे जायचं हे ठरवणारी सेटिंग) असू शकतो आणि कॉम्प्युटर कितीही धुतला तरी फरक पडत नाही. इथे तासाचा ठोका सापडलाय, म्हणजे तसं नसावं.

आणि जिथे पॉप-अपची खिडकी ब्राउझरची नसून वेगळीच असते, तिथे मायक्रोसॉफ्टचं 'प्रोसेस एक्सप्लोरर' फार कामाचं. सिसइंटर्नल्स संचातलं मोफत साधन आहे. त्याच्या पट्टीवर नेमबाजीच्या वर्तुळासारखं एक चिन्ह असतं. ते माउसने पकडून पॉप-अपवर नेऊन सोडायचं, की ती खिडकी कुठल्या प्रोग्रामची आहे ती ओळ समोर उजळते. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा ज्या प्रोग्रामवर संशय होता तो निर्दोष निघाला आणि भलताच सापडला.

निळीशाई

सापडला!! लिहिताना हात थरथरतायत.

नाव होतं 'सिस्टिम अपडेट हेल्पर'. अ‍ॅक्शनमध्ये कमांड प्रॉम्प्ट आणि पुढे 'स्टार्ट' लिहून त्याच सट्ट्याच्या साइटचा पत्ता. ट्रिगरमध्ये एक तारीख, सकाळी ११:०७, आणि त्यानंतर दर एक तासाने, अमर्याद काळ. डिसेबल केला. त्यानंतर सातचे तीन ठोके गेले, काहीही उघडलं नाही. बाबा तिन्ही वेळा घड्याळाकडे बघत बसले होते.

ट्रिगरमधली ती तारीख आठ दिवसांपूर्वीची आहे. आता पुढे?

मूळशोध

ती तारीख म्हणजे सोनं आहे. त्या दिवशी ११:०७ च्या जरा आधी काहीतरी इन्स्टॉल झालंय. डाउनलोड्स फोल्डर तारखेप्रमाणे लावा आणि त्या सकाळी काय उतरवलं ते बघा. तसंच सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप्स', 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स', तिथे क्रम इन्स्टॉलच्या तारखेवर लावा. त्या दिवशीचं जे जे आहे ते सगळं संशयित. एकटं क्वचितच असतं, सोबत दोन-तीन आणखी उतरलेले असतात. अनइन्स्टॉल करा. करताना "खरंच जाताय का, सवलत देतो" छापाच्या खिडक्या येतील. बटणं नीट वाचून दाबा, कारण ठळक रंगाचं बटण पुष्कळदा 'ठेवा'चं असतं. मग तो टास्क डिलीट करा.

आता ती 'संस्था'. कंपन्यांना आपल्या कर्मचाऱ्यांच्या ब्राउझरवर नियम लादता यावेत म्हणून क्रोममध्ये पॉलिसीची सोय आहे. हे नियम क्रोमच्या फोल्डरमध्ये राहत नाहीत, विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं त्या नोंदवहीत, राहतात. तुम्ही क्रोम काढून पुन्हा टाकलंत तेव्हा रजिस्ट्री होती तिथेच होती, म्हणून दहा मिनिटांत सगळं परत आलं. पत्त्याच्या पट्टीत क्रोम://पॉलिसी असं इंग्रजी अक्षरांत टाइप करा. 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' नावाची ओळ असेल आणि तिच्यासमोर ३२ अक्षरांची निरर्थक माळ. क्रोम://एक्स्टेन्शन्सच्या पानावर वरच्या कोपऱ्यातला 'डेव्हलपर मोड' चालू केला की प्रत्येक एक्स्टेन्शनचा आयडी दिसतो. ती माळ तुमच्या न निघणाऱ्या एक्स्टेन्शनच्या आयडीशी जुळते का ते ताडून बघा.

जुळली तर रजिस्ट्री एडिटर उघडा. 'एचकी लोकल मशीन', 'सॉफ्टवेअर', 'पॉलिसीज', 'गूगल', 'क्रोम' या वाटेने जा. त्या 'क्रोम' किल्लीवर (ती फोल्डरसारखी दिसते) उजवं क्लिक करून आधी 'एक्स्पोर्ट' करून प्रत ठेवा, मगच डिलीट. हीच वाट 'एचकी करंट यूझर' खालीही तपासा. रजिस्ट्रीत दुसऱ्या कशालाही हात लावू नका. आणि इतर कुणी वाचत असेल तर कळकळीने सांगतो : ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर हे करायचं नाही, तिथे ती पॉलिसी खरोखरच संस्थेची असते.

रीस्टार्ट करा. एक्स्टेन्शन गेलं असेल किंवा त्याला 'रिमूव्ह' बटण आलं असेल. मग क्रोमच्या सेटिंग्ज रीसेट करा. बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड रीसेटने जात नाहीत, सर्च इंजिन मात्र मूळ जागी येतं. जुन्या लेखांत क्रोममधलाच 'कॉम्प्युटर साफ करा' पर्याय वापरायला सांगितलेलं आढळेल. तो शोधत बसू नका, २०२३ मध्ये काढून टाकलाय.

एवढं झाल्यावर, आधी नाही, अ‍ॅडक्लीनर हे जाहिरातवाले प्रोग्राम शोधून काढणारं साधन एकदा चालवा. २०१६ पासून ते मालवेअरबाइट्स या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीकडे आहे. इन्स्टॉल करावं लागत नाही, फक्त त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. शोधात वर येणाऱ्या जाहिरातीवरून घेतलंत तर याच चिखलात पुन्हा. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीमधला 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन'. तो मशीन रीस्टार्ट करून विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासतो, साधारण पंधरा मिनिटं लागतात.

आणि पासवर्ड बदला. त्या एक्स्टेन्शनच्या तपशिलात "सर्व साइटवरील सर्व माहिती वाचणे व बदलणे" अशी परवानगी असेल, तर बाबांनी या आठ दिवसांत जे जे टाइप केलं ते त्याला वाचता येत होतं. ईमेल आणि बँक आधी, आणि ते दुसऱ्या उपकरणावरून. ही पायरी लोक गाळतात, कृपया गाळू नका.

दीपमाळ

मूळशोध यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. जाहिरातीचा प्रोग्राम म्हणजे फक्त त्रास, धोका नाही, असं समजणाऱ्यांसाठी २०१५ चं सुपरफिश प्रकरण आठवावं. लेनोवोच्या काही लॅपटॉपवर ते कारखान्यातूनच बसवलेलं होतं. जाहिराती घुसवण्यासाठी त्याने विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कुठल्या साइटवर विश्वास ठेवायचा हे ठरवणारं प्रमाणपत्र) टाकलं होतं, म्हणजे बँकेच्या कुलूपबंद पानातही त्याला डोकावता यायचं. वर सगळ्या मशीनवर किल्ली एकच. प्रोग्राम अनइन्स्टॉल केला तरी सर्टिफिकेट मागे राहायचं, ते वेगळं काढावं लागे.

निळीशाई

सगळं क्रमाने केलं, दोन संध्याकाळी लागल्या.

डाउनलोड्समध्ये त्या दिवशी ११:०२ ची फाइल निघाली. पीडीएफचं वर्डमध्ये रूपांतर करणारा मोफत प्रोग्राम. आजोबांच्या वह्यांची काही पानं काकांनी स्कॅन करून पीडीएफमध्ये पाठवली होती, त्यांतून अक्षरं काढता येतील म्हणून बाबांनी तो घेतला होता. त्यांना आठवतंय, "पुढे, पुढे, पुढे" असं चार-पाच वेळा दाबलं. त्याच दिवशीचे आणखी दोन प्रोग्राम यादीत होते, एक ब्राउझर आणि एक हवामान दाखवणारा. तिन्ही काढले. पॉलिसीची माळ एक्स्टेन्शनशी अक्षर न् अक्षर जुळली. किल्ली काढल्यावर ते 'संस्था'वालं वाक्य नाहीसं झालं, आणि तो क्षण मला फार सुखाचा वाटला. अ‍ॅडक्लीनरला तीन उरलेली फोल्डर सापडली, ऑफलाइन स्कॅन स्वच्छ. पासवर्ड माझ्या फोनवरून बदलले.

एकच राहिलंय. कॉम्प्युटर सुरू केल्यावर एक चौकट येते, अमुक फाइल सापडत नाही. नाव त्या हवामानवाल्यासारखंच आहे. परत आलं का ते?

मूळशोध

नाही, उलट ते गेल्याची खूण आहे. फाइल गेली, पण "सुरू होताना हिला चालव" ही नोंद मागे राहिली. मायक्रोसॉफ्टचं 'ऑटोरन्स' घ्या, तेही सिसइंटर्नल्सचंच. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा आणि 'ऑप्शन्स' मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, म्हणजे यादी आटोपशीर होईल. ज्यांची फाइल जागेवर नाही त्या ओळी पिवळ्या दिसतात. त्या नावाची पिवळी ओळ शोधून समोरची खूण काढा. बाकी पिवळ्या ओळींना हात लावू नका, काही निरुपद्रवी असतात.

आणि विंडोज सिक्युरिटीत 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल', त्यात 'रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन'. तिथे नको असलेली अ‍ॅप्स अडवण्याचा खटका चालू आहे ना बघा. त्यात 'अ‍ॅप्स' आणि 'डाउनलोड्स' या दोन्ही चौकटींवर खूण हवी. पीडीएफसाठी बाबांना वेगळा प्रोग्राम लागणारही नाही. वर्डमधून थेट पीडीएफ उघडता येते, वर्ड २०१३ पासून ती सोय आहे. मात्र स्कॅन केलेलं हस्ताक्षर त्यातून वाचता येणार नाही, ते टाइपच करावं लागेल.

निळीशाई

पिवळी ओळ सापडली, खूण काढली, चौकट गेली. खटका बंद होता! चालू केला.

हस्ताक्षराचं बाबांना सांगितलं. म्हणाले, "बरंच झालं, मला ते टाइपच करायचंय." आज सकाळी मला हाक न मारता बसले. दोन पानं झाली.